वेदगंगेच्या पुलावरची केस

गाडी चालवण्यात माझी उमर गेली, पण माझ्या हातून कधी माणूस दगावला नाही की गाडी दरीत गेली नाही. त्यामुळे दिवाळी अंकवाल्यांनी ‘ड्रायव्हरकीचे अनुभव लिहा’ म्हटल्यावर मी पंचाईतीत पडलो. लोकांना ड्रायव्हरकडून घाट, धुकं आणि निकामी झालेले ब्रेक ऐकायचे असतात. माझ्यापाशी उभ्या जन्मातली एकच पोलीस केस आहे. तीही गाडी पळवल्याची नव्हे, थांबवल्याची, आणि झाली ती परराज्यात. तीच सांगतो.

मी भोरचा. आमचं संस्थान विलीन झालं तेव्हा मी एका खासगी सर्व्हिस मोटारीवर होतो. पुढे सरकारी एसटी आली आणि सर्व्हिस मोटारी एकेक करून परसात जाऊन उभ्या राहिल्या. कोंबड्यांची सोय झाली, आमची गैरसोय. मग भोरातल्याच एका व्यापाऱ्याने जुनी टूरिंग मोटार घेतली, तिच्यावर मी लागलो. वर कापडी हूड, पुढे हँडल मारून चालू करायची आणि खंबाटकीचा घाट चढताना दोनदा तरी पाणी पाजायचं. आजच्या पोरांना किल्ली फिरवली की गाडी चालू होते. आम्हाला आधी तिची मनधरणी करावी लागे, आणि थंडीच्या दिवसांत हँडल उलटं फिरलं तर मनगट सुजे.

गिऱ्हाइकं बहुतेक भोर-वेल्ह्याची. साधी माणसं, मोटारीला फार मान द्यायची. मार्गासनीचे एक पाटील पुण्याला डॉक्टरकडे निघाले. स्वारगेटला उतरले ते अनवाणी. “पाटील, पायताण?” मी विचारलं. ते म्हणाले, “आरं, तुझ्या गाडीत चढताना भाईर काडलं की! एवढी गालिच्यावानी सीट, चपला घिऊन कसं बसायचं?” चपला मार्गासनीच्या वडाखाली राहिल्या होत्या. संध्याकाळी परत नेऊन सोडलं तेव्हा तिथंच होत्या, कुणी हात लावला नव्हता. तोवर पाटील डॉक्टरसमोर अनवाणी बसून आले आणि वर मलाच म्हणाले, “दवाखान्यात तरी कुठं चपला घालू देत्यात?”

तर ही केस झाली राज्यांची फेररचना झाल्यानंतरच्या लग्नसराईत. नेमके त्याच दिवसांत एसटीत ड्रायव्हर घेणार होते. मी अर्ज केला होता, परीक्षेचं बोलावणं आलं होतं, वैशाख सरता सरता पुण्याला जायचं होतं. खासगी मालकाच्या गाडीवर काम म्हणजे मालकाची मर्जी आणि गिऱ्हाइकाचा योग. एसटीत बांधलेला पगार, खाकी कपडे आणि दाराला येऊन कुणी ‘आज गाडी नाही’ म्हणायचं नाही. माझ्या बायकोने तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं.

एकच अट मला ठाऊक होती. लायसन स्वच्छ पाहिजे. आमच्या वेळचं लायसन म्हणजे छोटी पुस्तिका असे, शेवटची पानं कोरी. ड्रायव्हरने गुन्हा केला की कोर्ट त्या पानावर शेरा मारायचं. दंड भरून माणूस सुटे, पण शेरा जन्मभर चिकटे. मला एका जाणत्या मेकॅनिकने बजावलं होतं, “सखाराम, शेरा असला तर परीक्षेला जायचीबी तसदी घेऊ नगंस. पयलं मागचं पान बघत्यात, मग तोंड.” माझी पानं तोवर धुतल्या तांदळासारखी होती.

अशात मार्गासनीच्या पलीकडच्या एका वाडीतून दगडूआबा आले. त्यांची लेक सुंदरा निपाणीजवळ दिली होती. मुलाकडचे तंबाखूच्या वखारीत कामाला होते, आणि सोयरीक जमली तेव्हा निपाणी आपल्याच मुंबई राज्यात होती. साखरपुडा झाला आणि लग्न व्हायच्या आत निपाणी म्हैसूर राज्यात गेली. लग्न नवऱ्याच्या दारात, गोरज मुहूर्तावर. वऱ्हाड आदल्या दिवशी एसटीने पुढे गेलं. हळद लागलेली नवरी एसटीच्या गर्दीत कशी न्यायची म्हणून तिच्यासाठी मोटार. सोबत दगडूआबा आणि त्यांची थोरली बहीण, म्हणजे नवरीची आत्या. तिला सगळी बयाआत्या म्हणत.

परराज्याचा तात्पुरता परवाना मी पुण्याहून आणला आणि तांबडं फुटायच्या आत वाडीवर गाडी लावली. आबा माझ्या शेजारी बसले. मागे सुंदरा, अंगभर पिवळी, मान खाली. आणि तिच्या शेजारी बयाआत्या, मांडीवर एक भली मोठी पाटी घेऊन. पाटीत नारळ, खण, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि लहान लहान सुपल्या एकात एक घातलेल्या.

“आत्या, हे काय?” मी विचारलं.

“नद्यांच्या वट्या,” ती म्हणाली. “नवरी पयल्यांदा नदी वलांडती, तर त्या नदीची वटी नगं भराया? किती नद्या लागत्यात रं वाटंत?”

आमच्याकडची ही जुनी रीत. लग्नाला निघालेली मुलगी नवी नदी ओलांडते तेव्हा त्या नदीला आईबहिणीसारखं मानून तिची ओटी भरायची, म्हणजे पुढे येता-जाता ती मुलीला सांभाळते. पण जुन्या रीतीला मार्गासनीची मुलगी नसरापुराला किंवा फार तर शिरवळला जायची माहिती होती. एक नदी, फार तर दोन. मी गाडी चालवता चालवता नावं घेऊ लागलो. नीरा, कृष्णा, वेण्णा, उरमोडी, तारळी, कोयना, वारणा, पंचगंगा, दूधगंगा, वेदगंगा. आबा माझ्याकडे बघतच राहिले. बयाआत्या मात्र म्हणाली, “हायती. दोन जादाच घेतल्यात.”

कामथडी मागे पडली, किकवी मागे पडली, सारोळ्याच्या पुलावर नीरेची पहिली ओटी भरली. आत्याचा नियम कडक. काठावर चालणार नाही, पुलाच्या मध्यावर, खाली वाहती धार असेल तिथेच. सुंदराने उतरायचं, सुपलीत खण-नारळ, तांदूळ, हळदकुंकू ठेवायचं, नदीला हात जोडायचे आणि सुपली खाली सोडायची. रस्त्यावर त्या काळात वाहनं ती किती! मागून एखादी बैलगाडी आली तर गाडीवान आपणच उतरून हात जोडायचा.

कऱ्हाडजवळ रस्त्यालगत पुन्हा मोठं पात्र दिसलं. आत्या म्हणाली, “ही कंची?”

“कृष्णाच. भुईंजला लागली होती ती.”

“मग हिची भरलीया. चल फुडं. दोनदा कशापायी?”

तेवढाच माझा वेळ वाचला. कारण घाटात गाडीने पाणी मागितलं होतं, साताऱ्याच्या पुढे एक चाक पंक्चर झालं होतं, आणि आबा दर मैलाच्या दगडाला सूर्याकडे बघत होते.

कागल ओलांडून दूधगंगेची ओटी झाली आणि पुढे नव्या राज्याचा फलक दिसला. आत्याने विचारलं, “आता कुणाचं राज्य?”

“म्हैसूरचं.”

“आपल्याकडं आगूदर भोरच्या राजाचं हुतं. मग ममईचं झालं. आता लेकीला ह्ये.” तिने पाटीतला एक नारळ काढून आबांकडे दिला. “आमी हितंच हावोत, राज्यंच हालत्यात. फोड, शीव हाय.”

गावाच्या शिवेवर नारळ फोडतात हे मला माहीत होतं. राज्याच्या शिवेवर फोडलेला मी तेवढाच एक पाहिला. त्यातलं खोबरं खात खात आम्ही परराज्यात शिरलो.

राहिली होती फक्त वेदगंगा. पूल अरुंद होता, दोन वाहनं एकमेकांना घासून जातील असा. मधोमध गाडी उभी केली. आत्या आणि सुंदरा उतरल्या. सुपलीत खण ठेवला, नारळ ठेवला, आणि एवढ्यात समोरून तंबाखूची पोती लादलेली लॉरी आली. तिच्या मागे बैलगाड्या. माझ्या मागेही एक गाडी येऊन उभी राहिली. लॉरीवाल्याने हॉर्नवर हात ठेवला तो काढीना. मी म्हटलं, “आत्या, उरका.” आत्या म्हणाली, “देवाचं उरकत न्हाईत.”

तेवढ्यात शिट्टी वाजली. पुलाच्या टोकाकडून सायकलवर एक हवालदार आला. उंच, काळासावळा, मिशा वर वळवलेल्या. त्याने सायकल कठड्याला टेकवली आणि माझ्यावर कानडीत तुटून पडला. मला शब्द एक कळला नाही, अर्थ सगळा कळला. त्याने हात पुढे केला. “लायसन.”

खिशातून लायसन काढताना मला पुण्याचं ऑफिस दिसत होतं, टेबलापलीकडचा साहेब दिसत होता, आणि तो मागचं पान उलटतो आहे असं दिसत होतं.

बयाआत्या मात्र जागची हलली नाही. “आरं शिटी काय फुकतुयास! नदीचं चाललंय, दिसत न्हाई व्हय?” असं म्हणत तिने सुपली उचलून त्याच्यासमोर धरली.

हवालदार सुपलीकडे बघत राहिला. मग त्याने सुंदराच्या हळदीच्या अंगाकडे बघितलं. त्याचा आवाज एकदम खाली आला. “बागीन?” त्याने विचारलं.

लॉरीमागच्या बैलगाडीचा गाडीवान तिथला मराठी माणूस होता. तो म्हणाला, “ह्यांच्यात बी भरत्यात, आत्या. सुपातच. बागीन म्हंत्यात.”

“मग त्येला सांग की, गप ऱ्हा जरा.”

ते सांगायची गरज पडली नाही. हवालदाराने माझं लायसन आपल्या वरच्या खिशात घातलं, पुलाच्या मध्यावर जाऊन उभा राहिला, आणि दोन्ही हात आडवे करून दोन्ही बाजू रोखून धरल्या. लॉरीवाल्याने पुन्हा हॉर्न दिला तेव्हा हवालदाराने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने इंजिनच बंद केलं. पुलावर सगळं चिडीचूप झालं. सुंदराने हात जोडले. सुपली खाली गेली, पाण्यावर एकदा गिरकी घेतली आणि धारेला लागली. हवालदारानेही टोपीला हात लावून नदीला नमस्कार केला.

मला वाटलं, सुटलो. कसला सुटतोय! नमस्कार झाल्या झाल्या त्याने वही काढली आणि माझ्यावर केस लिहिली. पुलावर गाडी उभी करून रहदारीला अडथळा. “नदी बेरे, कायदा बेरे,” तो म्हणाला. गाडीवानाने सांगितलं, “नदी येगळी, कायदा येगळा म्हंतोय. उद्या कोर्टात या म्हंतोय.” लायसन त्याच्याच खिशात राहिलं. मी गाडी चालू केली तेव्हा त्याने दाराशी वाकून, आता अगदी समजुतीच्या सुरात, आणखी एक गोष्ट सांगितली. “निल्लबेड. निधान होगु.”

“थांबू नगंस, सावकाश जा,” गाडीवान म्हणाला.

आम्ही मुहूर्तावर पोचलो. सूर्य टेकला होता, अंतरपाट धरला होता, आबांनी मला मिठी मारली. लग्न थाटात झालं असं सगळे म्हणतात. मला काही आठवत नाही. पंगतीत माझ्या पानात काय वाढलं तेही आठवत नाही. हक्काची नोकरी माझ्या हातातून एका सुपलीपायी निघाली होती, आणि ते कुणाला सांगायचीही चोरी, कारण लग्नघरात रडगाणं गाणार कोण?

बयाआत्याने मात्र ताडलं. हात धुवायला गेलो तिथे तिने मला गाठलं. “तोंड का उतरलंय रं?” मी टाळलं. तिने सोडलं नाही. शेवटी लायसन, शेरा, एसटी सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “उद्या म्या येती.”

“आत्या, तुमी कशाला? लग्नघर हाय.”

“गाडी कुणी थांबीवली? म्या. मग कोर्टात एकला तूच का?”

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या कोर्टात आम्ही तिघे. मी, आबा आणि नऊवारीवर ठेवणीतली शाल घेतलेली बयाआत्या. हवालदार आधीच येऊन उभा होता. मॅजिस्ट्रेट वयस्क होते, चष्मा नाकावर. तिकडच्या लोकांना मराठी कळत होतं, त्यामुळे दुभाष्याची गरज पडली नाही. गुन्हा कबूल का, विचारलं. मी कबूल म्हणालो. एवढ्यात आत्या पुढे सरकली.

“सायेब, ह्येचा काय गुन्हा न्हाई. म्या थांब म्हनलं, ह्यो थांबला.”

“पण आजी, पुलाच्या मध्येच का? काठावर ओटी भरता आली असती.”

“काठाला गुरं पानी पित्यात. लेकीची वटी गुरांच्या म्होरं टाकू व्हय? तुमी तुमच्या लेकीची टाकचाल?”

कोर्टात कुणीतरी हसलं. मॅजिस्ट्रेट हसले नाहीत, पण चष्मा काढून पुसायला लागले. मग त्यांनी हवालदाराला कानडीत विचारलं. कारकुनाने आम्हाला मराठीत सांगितलं. रहदारी किती खोळंबली, असं साहेबांनी विचारलं होतं.

हवालदार ताठ उभा होता. त्याने उत्तर दिलं, आणि साहेबांनी मान वर करून त्याच्याकडे बघितलं. कारकून आमच्याकडे वळला. मग म्हणाला, “तो म्हणतो, ड्रायव्हरने थांबवली ती थोडीच. मी आलो तेव्हा तो निघायच्या बेतात होता. नंतरचा सगळा खोळंबा मी केला. ओटी पुरी होईपर्यंत दोन्ही बाजू मीच धरून ठेवल्या.”

मी निघायच्या बेतात नव्हतो. असतो तरी आत्याने निघू दिलं नसतं. पण बाकीचं खरं होतं, आणि त्या माणसाला ते सांगायची काहीएक गरज नव्हती. आपल्याच साहेबासमोर, परक्या राज्याच्या ड्रायव्हरसाठी त्याने स्वतःच्या अंगावर घेतलं. त्याच्या पाया पडावं असं मला तिथल्या तिथे वाटलं. साहेबांनी त्याला दोन शब्द सुनावले, त्याने ते मुकाट ऐकून घेतले. मला किरकोळ दंड झाला. आबांनी तो मला भरू दिला नाही.

कारकुनाने लायसन परत दिलं. मी ते हातात धरून कोर्टाच्या पायरीवर उभा राहिलो. उघडायचा धीर होईना.

“उघड की,” आत्या म्हणाली.

“नगं आत्या. ऱ्हाऊ द्या.”

तिने माझ्या हातातून पुस्तिका ओढून घेतली. तिला अक्षरओळख नव्हती. तिने पुस्तिका उलटी धरली, मागची पानं एकेक करून उलटली, उजेडाकडे धरून बघितली, बोट फिरवून बघितलं. “हितं कायबी काळं न्हाई,” ती म्हणाली. “तांबडंबी न्हाई. कोरं हाय सगळं.”

मी बघितलं. कोरं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो. आबांनी विचारलं, “काय झालं रं?” मला हसू आवरेना, डोळ्यांना पाणीही आवरेना. आत्याने शालीच्या टोकाने माझं तोंड पुसलं, जसं लहान पोराचं पुसतात, आणि म्हणाली, “चल, च्या पाज आता.”

परतीच्या वाटेवर वेदगंगेच्या पुलावर तोच हवालदार उभा होता. मी गाडी थांबवली नाही. अगदी सावकाश, बैलगाडीच्या चालीने पूल ओलांडला. आत्याने गाडीतूनच हात जोडले. नदीला की त्याला, ते मी विचारलं नाही. त्याने हाताने ‘चला, चला’ केलं. त्याचं नाव मला कधी कळलं नाही, ही रुखरुख अजून आहे.

एसटीत मला घेतलं. साहेबाने खरोखरच आधी मागचं पान बघितलं, मग तोंड. मला पुणे-सातारा गाडी मिळाली. दिवसातून दोनदा नीरेचा पूल.

एसटीचा नियम कडक. पुलावर गाडी उभी करायची नाही. कितीतरी नवऱ्या माझ्या गाडीतून गेल्या, आणि त्यांच्या आयाआत्या दारात येऊन म्हणत, “डायवरदादा, जरा थांबवा की.” मी मान हलवायचो. रागावायच्या बिचाऱ्या. बाकीचे उतारू हसायचे.

दोनेक वर्षांनी, साताऱ्याहून निघालेल्या गाडीत एक लेकुरवाळी बाई माझ्या मागच्याच बाकावर बसली. मांडीवर बारकी पोर. शिरवळ गेल्यावर मागून आवाज आला. “डायवरमामा, वळखलं न्हाई व्हय?”

आरशात बघितलं. हळद नव्हती म्हणून ओळखायला वेळ लागला. सुंदरा माहेरी चालली होती, पहिली लेक घेऊन.

“आत्या कशा हायेत?” मी विचारलं.

“वाट बघत बसली आसंल. तिनं सांगावा धाडलाय, पोर पयल्यांदा आपली नीरा वलांडती, वटी भरल्याबिगार आनू नगंस.” तिने पिशवीतून एक सुपली काढून खिडकीशी धरली. खण, नारळ, तांदूळ. मग जरा पुढे वाकून, आवाज बारीक करून म्हणाली, “मामा, तुमी थांबू नगा. निस्तं सावकाश जावा.”

पूल लागला. मी गिअर खाली घेतला, आणखी एक खाली घेतला. गाडी गोगलगायीसारखी सरकू लागली. आरशात मला दिसलं, सुंदराने पोरीचा इवलासा हात सुपलीला लावला, खिडकीतून वाकून खाली धार आहे का ते नीट बघितलं आणि सुपली सोडली.

मागून कंडक्टर ओरडला, “का हो सखाराम, गाडीला काय झालं?”

“काय न्हाई,” मी म्हणालो. “पूल हाय.”